तिच्यापुढे माझं काय?

धायरीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं. चार पानी होतं, थोडक्यात देते.

"माझी थोरली बहीण, अक्का, ६७ वर्षांची. तिने लग्न केलं नाही. शाळेत नोकरी केली आणि आई-वडिलांच्या माघारी मला आणि भावाला तिनेच मार्गी लावलं. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. चार महिन्यांपूर्वी तिला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. दर तीन आठवड्यांनी केमो असते, तीन झाल्या, तीन बाकी. भाऊ आता नाही. भाचा पिंपळे सौदागरला असतो, हिंजवडीत नोकरी करतो. त्यामुळे सगळं मीच बघते. मी ५८ वर्षांची. सकाळी आमचं दोघांचं आवरून पीएमटीने शनिपार, संध्याकाळी उशिरा परत.

गेल्या गुरुवारी उजव्या बरगडीखाली चमका यायला लागल्या. वाटलं, अक्काला धरून जिना उतरताना लचकलं असेल. शनिवारी पुरळ आलं, वाटलं घामोळं. सोमवारी तिची केमो होती, म्हणून तशीच गेले. बुधवारी ब्लाऊजची शिवण टेकेना, पंख्याचं वारं लागलं तरी आग व्हायची, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. नागीण निघाली. ते म्हणाले, खपल्या धरेपर्यंत बहिणीकडे जायचं नाही.

अक्काला मी सांगितलंय, सर्दी झालीय. परवा फोनवर म्हणाली, 'कंटाळलीस ना गं? हो म्हण, मला राग नाही.' मी फोन ठेवून रडले. तिच्या रक्तात विष सोडतायत आणि मी चार फोडांचं काय कौतुक सांगू? तिच्यापुढे माझं काय? शेजारीण म्हणते, दोन्ही टोकं जुळायच्या आत मंत्र टाकून घे, गेरू लाव. वर ही नागीण अक्काची सेवा करता करता झाली, असं नणंद म्हणते, ते वेगळंच. मी अंग नीट झाकून अक्काकडे जाऊ का? तिला काय सांगू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून ती मी त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवली होती. इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे पुन्हा लिहिते. शनिवारी पुरळ आलं आणि सोमवारी तुम्ही अक्कांना धरून केमोला नेलंत. म्हणजे अंगावर ओले फोड असताना तुमचा त्यांचा जवळून संबंध आला. ही तारीख अक्कांच्या केमोच्या डॉक्टरांना कळायलाच हवी, आणि तीही उद्या नाही, आजच. नागीण आणि कांजिण्या एकाच विषाणूच्या. केमो चालू असलेल्या माणसाला या विषाणूपासून जपण्याचे उपाय असतात. कोणाला तयार प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) इंजेक्शन देतात, कोणाला गोळ्या. पण संपर्क झाल्यापासून पहिल्या काही दिवसांतच त्याचा खरा उपयोग होतो. आणि संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत कधीही कांजिण्या उठू शकतात, म्हणून तेवढा काळ ताप आणि अंगावर उठणारं काहीही नीट बघायचं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केलात, बरं केलंत. त्यांनी तुम्हाला उलट प्रश्न विचारला, "पेशंटला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात का?" आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येते. तुमच्या सगळ्या गुंत्याची गाठ मला तिथेच दिसते.

मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात २६ वर्षं काढली, खाटेवरच्या माणसापेक्षा खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाशीच माझा जास्त संबंध आला. तेव्हा औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाकीचं माझ्याशी बोला.

आधी विळख्याचं, म्हणजे नागिणीची दोन्ही टोकं जुळून वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो म्हणतात, त्याचं. शेजारणीने तुम्हाला घाबरवून सोडलंय आणि पत्रात तुम्ही "माझा विश्वास नाही, पण" असं दोनदा लिहिलंय. त्या 'पण'साठी हे सांगते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो कण्याजवळच्या नसांच्या मुळांशी जाऊन बसतो, वर्षानुवर्षं गपचूप. पुढे प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेत तो जागा होतो आणि त्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो. कण्यातून नसा जोडीने निघतात, डावी डाव्या अंगाला, उजवी उजव्या. उजवीकडची नस बरगडीच्या कडेने पुढे येते आणि पोटाच्या मध्यावर तिची हद्द संपते. पुरळही तिथेच थांबतं. म्हणून ते असं अर्ध्या पट्ट्यासारखं दिसतं आणि कुणाच्या तरी मनात नागीण आली. विळखा पूर्ण होत नाही, कारण पुढची वाट त्या नसेची नसतेच. मंत्रवाल्यांचा धंदा याच्यावरच तर चालतो! दोन-चार आठवड्यांत बहुतेकांचं पुरळ आपसूक सुकतं आणि श्रेय मंत्राला जातं. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर पुरळ पट्टा सोडून अंगभर पसरू शकतं. तसं झालं तर दवाखाना गाठायचा. टोकं जुळण्याशी त्याचाही संबंध नाही.

गेरू लावू नका. गेरू म्हणजे अखेर मातीच. फुटलेल्या फोडावर माती भरली की जंतू जायला वाट होते, आणि तो वाळून तडकला की फोडाचं तोंडही ओढून काढतो. थंड पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने बरं वाटतं. आतून ब्लाऊज नकोच. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती काहीतरी, यजमानांचा बिनबाह्यांचा गंजीफ्रॉकही चालेल, घरात कोण बघतंय. वर न चिकटणारी पट्टी सैलसर ठेवा. तुमचा टॉवेल वेगळा, आणि औषध लावून झालं की हात साबणाने धुवायचे, एवढं पुरे. शेजारणीला मात्र तोडून बोलू नका. ती बाई तुमच्या काळजीनेच दारात येते. तिला म्हणा, "गेरू राहू दे, आठवडाभर आम्हाला दुपारची भाजी पाठवशील का?" काळजीला काम दिलं की ती मंत्राकडे वळत नाही, हा माझा अनुभव आहे.

नणंदेचं लगेच संपवते. नागीण अक्कांकडून तुम्हाला आलेली नाही. नागीण कुणाकडूनच 'लागत' नाही, ती स्वतःच्या अंगात झोपलेल्या विषाणूची असते. पन्नाशीनंतर तिचं प्रमाण वाढतं, तुम्ही ५८ च्या आहात. दगदगीला सगळेच बोल लावतात, पण त्यावरून अक्कांच्या नावावर कर्ज टाकू नका आणि कुणाला टाकू देऊ नका. तुमच्याकडून दुसऱ्याला मात्र काहीतरी लागू शकतं. फोडातलं पाणी, ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत अशा माणसाला लागलं, तर त्याला कांजिण्या होतात. म्हणून लहान बाळं, गरोदर बायका आणि अक्कांसारखी केमोवरची माणसं यांच्यापासून लांब राहायचं.

अंग झाकून जाऊ का, हे तुम्ही विचारलंय. साधारण घरात झाकलेल्या फोडांपासून धोका कमी असतो, हे खरं आहे. पण केमोनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, आणि अक्का नेमक्या त्याच दिवसांत आहेत. डॉक्टरांनी नाही म्हटलंय, तर नाही. सगळे फोड सुकून खपली धरली की संसर्ग संपतो. बहुतेकांना पुरळ उठल्यापासून ७ ते १० दिवस लागतात, कुणाला थोडे जास्त. "मी दारातूनच डबा देऊन परत येईन" असंही तुम्ही लिहिलंय. बाई, तुम्ही परत येणार नाही. आतून खोकल्याचा आवाज आला की चपला काढाल, आणि मग "आलेच आहे तर" म्हणून उशीचा अभ्रा बदलाल. मला तुमच्यासारख्या शंभर जणी माहीत आहेत. त्यातली एक मी आहे.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. "तिच्यापुढे माझं काय?"

हे तुम्ही मोठ्या मनाने लिहिलंय, कळतं मला. पण जरा गेल्या आठवड्याचा हिशेब बघा. नागिणीवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगल्या लागू पडतात. तुमचं पुरळ शनिवारचं, गोळी बुधवारी रात्री पोटात गेली. मधले चार दिवस कुठे गेले? गुरुवारी लचक, शनिवारी घामोळं, सोमवारी "तिची केमो आहे, माझं नंतर बघू". दर वेळी तुम्ही तराजू काढलात, एका पारड्यात लिम्फोमा ठेवलात, दुसऱ्यात स्वतःचं पुरळ, आणि अर्थातच आपलं पारडं वर गेलं. त्या तराजूवर तुमचं कधीच काही भरणार नाही. उद्या छातीत कळ आली तरी तुम्ही आधी अक्कांचा रिपोर्ट आणायला जाल. आणि पारडं वर गेलं म्हणून काय झालं, तर फोड अंगावर असताना तुम्ही अक्कांना काखेत धरून दोन जिने उतरवलंत. ज्यांच्यासाठी स्वतःचं दुखणं बाजूला ठेवलंत, त्यांच्यापर्यंतच ते नेलंत.

हे टोचावं म्हणून लिहीत नाहीये. टोचायचं तर माझ्याकडे माझीच गोष्ट आहे. २०११ साली आमच्या ह्यांची बायपास झाली. तेव्हाच माझी दाढ ठणकत होती. मी लवंग चावून तीन आठवडे काढले, कारण ज्या माणसाची छाती उघडलीय त्याच्यासमोर दाढ दुखते म्हणायची लाज वाटायची. मग एका रात्री गाल इतका सुजला की तोंड उघडेना, आणि मला भरती करावं लागलं. मुलगा सकाळी बापाला पेज आणि संध्याकाळी आईला सूप, असा दोन रुग्णालयांत पळत होता. तो पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. "आधी सांगितलं असतंस तर एका दुपारचं काम होतं," एवढंच म्हणाला. मी गेली कित्येक वर्षं नातेवाइकांना "स्वतःकडे लक्ष द्या हं" म्हणून सांगत आलेली बाई! सांगणं सोपं असतं.

आणि तुमचं दुखणं 'चार फोडांचं' नाही. नसेचं दुखणं वेगळंच असतं, खरचटल्या-कापल्यासारखं नाही. पंख्याचं वारं लागून आग होते हे तुम्हीच लिहिलंय. रात्री जास्त ठणकतं ना? हे सोसायचं नसतं. वेदनेवर वेगळी औषधं असतात, साध्या क्रोसिनवर भागत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. पुरळ गेल्यावरही काहींची आग तीन महिन्यांच्या वर राहते. वय जास्त आणि सुरुवातीचं दुखणं तीव्र असेल तर ती शक्यता वाढते. म्हणून "खपल्या पडल्या, झालं" असं म्हणून उरलेलं दुखणं अंगावर काढू नका. नसेच्या दुखण्याच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा त्या चालू असताना स्कूटीला हात लावायचा नाही, पहाटे मोरीत जाताना दिवा लावायचा. विषाणूच्या गोळ्यांतली एक दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते, ती असेल तर मोबाइलला गजर लावा. कोर्स पुरा करा, पाणी भरपूर प्या, आणि मूत्रपिंडाचं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. तुमचे बरगडीवर आहेत, पण हे वाचणाऱ्या कुणाचे नसतील.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, "ह्यांना चहाशिवाय काही येत नाही." निवृत्त माणूस आहे, शिकेल. कुकरमध्ये डाळ-तांदूळ लावून तीन शिट्ट्या मोजायला पदवी लागत नाही. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणता येतात, सिंहगड रोडला पावला-पावलावर आहेत. आणि ते पन्नाशीच्या पुढचे आहेत, तर नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा. शिंग्रिक्स नावाची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस असतात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, हे आधीच सांगते. तुम्हालाही बरं झाल्यावर घेता येते, कधी ते डॉक्टर सांगतील.

आता नारायण पेठेचं. तुम्ही नाही तर तिथे कोण? तुमच्या पत्रातून मला असं दिसतं की माणसं आहेत, पण कुणालाच काही माहीत नाही. भाचा येतो म्हणाला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते तुम्हीच लिहिलंय: "राहू दे रे, तुला नाही जमायचं." त्याला जमायचं कसं? अक्कांचा आजार गेले चार महिने तुमच्या डोक्यात राहतोय. कुठली गोळी जेवणाआधी, फाइल कपाटाच्या कुठल्या खणात, रक्ताचा रिपोर्ट कुठल्या लॅबमध्ये, सगळं तुमच्या एकटीच्या आठवणीवर. तुम्ही आठवडाभर अंथरूण धरलंत की अक्कांचं अख्खं घरच आजारी पडतं.

तेव्हा पडल्या पडल्या एक काम करा. दोनशे पानी वही घ्या, नाहीतर यजमानांना लिहायला बसवा, आणि डोक्यातलं सगळं त्यात उतरवा. गोळ्यांची नावं आणि वेळा, पुढच्या केमोची तारीख, डॉक्टरांचा आणि रात्रीचा नंबर. पहिल्या पानावर लाल शाईने: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन करून निघायचं. केमोवरच्या माणसाचा ताप म्हणजे घरातली सगळ्यात तातडीची गोष्ट. हे भाच्याकडून तोंडी वदवून घ्या. आणि मग ते लिहा जे कुठल्याच फाइलमध्ये नसतं. अक्कांना फोडणीचा वास आला की मळमळतं. जिना उतरताना त्यांना डावा हात धरलेला आवडतो, उजवा त्या कठड्याला ठेवतात. दुखत असलं तरी "बरी आहे" म्हणतात, पण बोलता बोलता पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या की समजायचं. हे तुम्ही मला चार पानांत सहज सांगून गेलात. हे भाच्याला कधी सांगितलंत?

पिंपळे सौदागरहून नारायण पेठेत रोज संध्याकाळी येणं अवघड आहे, मान्य. पण त्याने लॅपटॉप घेऊन दोन रात्री अक्काकडे मुक्काम केला आणि बाकीच्या दिवशी ब्युरोतून बारा तासांच्या मावशी लावल्या, तर दहा-बारा दिवस निघतात. मावशींना ताप, सर्दी, अंगावर पुरळ नाही ना, हे विचारूनच घ्यायचं. पैशाचं भाच्याशी मोकळेपणाने बोला. तो कमावतो, अक्काने त्याच्या बापाला शिकवलंय, त्याला यात काही वावगं वाटणार नाही. वाटलंच तर तेही कळलेलं बरं.

जाता जाता आणखी एक, कारण तीन केमो अजून बाकी आहेत. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, १९९७ पासून, कॅन्सरच्या रुग्णांसाठी, विनामूल्य. पॅलिएटिव्ह म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच डोळे पुसायला लागतात. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतं. उपचार चालू असताना दुखणं, मळमळ, झोप, भीती यांचं बघायलाही असतं, आणि तिथे घरच्या माणसालाही शिकवतात. अक्कांच्या डॉक्टरांना विचारून एकदा भाच्याला पाठवा. तुम्ही नका जाऊ, त्याला जाऊ द्या.

रात्री तीन वाजता आग होत असते, झोप नसते आणि "कंटाळलीस ना गं?" कानात घुमत असतं, तेव्हा १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं. रडायला चालतं.

आणि आता अक्कांना काय सांगायचं.

खरं सांगायचं, आणि आजच. तुम्ही सर्दीचं सांगितलंत ते त्यांना त्रास होऊ नये म्हणून. पण झालं काय? शाळेत आयुष्य काढलेली बाई ती, पोरांच्या खोट्या सबबी ऐकून तिचे कान तयार झालेले. सर्दी झालेल्या माणसाचा आवाज बसतो, तुमचा नाही बसलेला. काहीतरी लपवलं जातंय हे त्यांना कळलं. काय, ते कळलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच रिकामी जागा भरली. आजारी माणूस रिकामी जागा नेहमी एकाच उत्तराने भरतो: मी ओझं झालेय. नागिणीने त्यांना दोन दिवस काळजी वाटली असती. सर्दीने त्या रोज रात्री ते एकच उत्तर उगाळतायत.

"तिला आधीच इतकं आहे, त्यात माझं कशाला" असं तुम्ही म्हणाल. पण एक बघा, चार महिन्यांपूर्वीपर्यंत घरात काही झालं की सगळे अक्काकडे जात होते. शाळेची फी, भावाची नोकरी, तुमचं लग्न. आता त्यांना कुणी काही सांगत नाही. सगळे येतात, उशी सारखी करतात, "तू आराम कर" म्हणतात. कॅन्सरने त्यांचे केस नेले, चव नेली, आणि त्यांचं थोरलेपण आपण प्रेमाने काढून घेतलं.

म्हणून मघाचा तो प्रश्न. "पेशंटला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात का?" आपल्याकडे लहानपणी सगळ्यांनाच होतात असं आपण धरून चालतो, पण उष्ण प्रदेशात बऱ्याच जणांना त्या मोठेपणी होतात आणि काहींना होतच नाहीत. डॉक्टर रक्त तपासून बघू शकतात, तरी आठवण विचारतातच. तुम्ही मला लिहिलंय की तुम्ही पाच वर्षांच्या असताना तुम्हाला आणि भावाला एकदम कांजिण्या झाल्या, गादीखाली कडुलिंबाचा पाला घातला होता, एवढंच आठवतं. अक्का तेव्हा चौदाच्या. त्यांना आधी होऊन गेल्या होत्या का? की तुम्हा दोघांबरोबर झाल्या? की झाल्याच नाहीत? आता आई नाही, भाऊ नाही. हे उत्तर या जगात एकाच माणसाकडे आहे, आणि त्या माणसाला तुम्ही सर्दी झालीय म्हणून सांगून बसला आहात.

फोन करा आणि तिथूनच सुरुवात करा. "अक्का, सर्दी नाहीये गं. नागीण झालीय. डॉक्टरांनी तुझ्याकडे यायला बंदी केलीय, तुझ्यासाठीच. आणि ते विचारतायत तुला कांजिण्या झाल्या होत्या का, मला काही आठवत नाही, तू सांग." इतकंच. मग त्या रागावतील. "शनिवारी पुरळ आलं आणि सोमवारी जिना उतरत होतीस?" म्हणतील, आणि मी लिहिलंय त्यापेक्षा कडक शब्दांत म्हणतील. ऐकून घ्या. रागवू द्या त्यांना, बऱ्याच दिवसांत कुणी त्यांना ती संधी दिली नसेल. आणि दुखतंय का विचारलं तर "नाही गं, काही नाही" म्हणू नका. दुखतंय म्हणा. कुठे, कसं, ते सांगा. कदाचित त्या सांगतील की केमोनंतर तळपायांना मुंग्या येतात, आग होते, जे त्यांनी तुम्हाला अजून सांगितलेलं नसेल, कारण तुमच्याच घरातला तराजू त्यांच्याकडेही असणार. असं काही निघालं तर तेही डॉक्टरांना कळवा.

रोजची वेळ ठरवा, संध्याकाळी सातची समजा. दोघींनी आपापल्या गादीवर पडून फोन स्पीकरवर टाकायचा. बोलायलाच हवं असं नाही. पेपरातलं शब्दकोडं त्यांनी वाचायचं, तुम्ही शब्द सांगायचे.

खपल्या धरल्या की तुमच्या डॉक्टरांना अंग दाखवा, अक्कांच्या डॉक्टरांना विचारा, आणि दोघंही हो म्हणाले की शनिपारची बस पकडा. पहिल्या दिवशी फार कामं काढू नका, नुसत्या जाऊन बसा. तोवर भाच्याने गोळ्यांच्या वेळांत स्वतःच्या अक्षरात काहीबाही खाडाखोड केलेली असेल, फाइल दुसऱ्याच खणात ठेवलेली असेल, आणि तुमचे हात शिवशिवतील. वही मात्र त्याच्याकडून परत मागू नका.